आइस्क्रीमच्या पॉटातली वीज

आमच्या ठाकुर्लीत वीज शुक्रवारी जाते. दर शुक्रवारी जाते असं नाही, पण जाते तेव्हा शुक्रवारीच आणि सकाळी नऊलाच जाते. ‘देखभाल व दुरुस्तीसाठी’ असा मेसेज गुरुवारी संध्याकाळी येतो. त्यात परत यायची वेळही दिलेली असते, पण ती कुणी मनावर घेत नाही. मला स्वतःला याचं कधी दुःख नव्हतं. मी निवृत्त माणूस आहे. माझ्याकडे बटणांचा जुना मोबाईल आहे आणि त्याची बॅटरी आठवडाभर टिकते. पंखा बंद झाला की मी बनियनवर बाल्कनीत जाऊन बसतो. सांगायचा मुद्दा हा की विजेशी माझं वैयक्तिक भांडण असं काही नव्हतं. जे झालं ते साडूमुळे झालं.

माझी बायको विनिता गेली दोन वर्षं मोडी शिकते आहे. मोडी म्हणजे जुन्या कागदपत्रांतली ती वळणदार लिपी. तिच्यात लिहिणारा हात न उचलता अख्खी ओळ संपवतो आणि पुढे दोनशे वर्षं वाचणारे डोकं खाजवत बसतात. मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला, जेवणाच्या टेबलाची एक बाजू रिकामी झाली आणि तिथे हिने झेरॉक्स पसरले. मला वाटलं, महिन्या-दोन महिन्यांचं खूळ असेल. पण तिने पहिली परीक्षा दिली, दुसरी दिली, आणि आता एक शेवटची तोंडी परीक्षा तेवढी राहिली होती. तीही ऑनलाइन. परीक्षक पडद्यावर एखादा जुना कागद दाखवणार, आपण तो वाचायचा. पास झालं की परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडच्या कागदांवर काम करायला मिळतं, आणि छापलेल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘वाचन :’ असं लिहून पुढे आपलं नाव येतं. विनिताला ती बारीक अक्षरातली ओळ हवी होती.

ही परीक्षा दोनदाच देता येते. पहिली संधी डिसेंबरात गेली, आणि ती कशी गेली हे मला सांगणं भाग आहे. ती बाहेरच्या खोलीत परीक्षा देत असताना मी आत गीझर लावला होता, इस्त्री तापत ठेवली होती आणि खोबऱ्याच्या चटणीसाठी मिक्सर सुरू केला. खटका पडला. राउटर गेला, लॅपटॉप गेला, आणि विनिता कागदाच्या तिसऱ्या ओळीवर असताना परीक्षकांच्या पडद्यावरून नाहीशी झाली. ती मला काही बोलली नाही. दुपारी ती चटणीसुद्धा तिने निमूटपणे खाल्ली. तीस वर्षांच्या संसारात तिने मला पुष्कळ सुनावलं आहे आणि मी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं आहे, पण हे न बोलणं मला फार लागलं.

दुसरी आणि शेवटची संधी मे महिन्यात आली. वार शुक्रवार, वेळ सकाळी अकरा.

आता साडू. विनिताची धाकटी बहीण दर्शना ठाण्यात वर्तकनगरला राहते, आणि तिचा नवरा सलिल हा माझा साडू. मेहुण्याशी निदान उघड भांडता तरी येतं. साडू म्हणजे त्याच सासऱ्यांनी पसंत केलेला दुसरा माणूस, त्यामुळे तुलना जन्मभर चालू राहते आणि ती नेहमी जेवणाच्या पंगतीत होते. सलिलकडे इन्व्हर्टर आहे. सलिलकडे सगळंच असतं. परीक्षेची तारीख कळल्यावर त्याचा फोन आला.

“संदेशराव, ताईंना गुरुवारीच आमच्याकडे पाठवून द्या. आमच्याकडे लाइट गेलेली कळतसुद्धा नाही. तुमच्याकडे परत काही झालं तर उगाच…”

‘परत’ हा शब्द त्याने अगदी हळू उच्चारला. हळू उच्चारल्यामुळे तो जास्त लागला.

“काही गरज नाही,” मी म्हणालो. “माझ्या बायकोच्या परीक्षेपुरती वीज माझ्या घरात मी निर्माण करीन.”

मला ‘सोय करीन’ असं म्हणायचं होतं. ‘निर्माण’ कुठून आलं, मला अजून कळलेलं नाही.

विनिता भाजी निवडत हे ऐकत होती. “अहो, मी जाते ना दर्शनाकडे. त्यात काय एवढं?”

“नाही. हे तू माझ्यावर सोड.”

तिने भाजीची जुडी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “बरं. सोडते.” आणि पुन्हा भाजी निवडायला लागली. ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला त्या भर पंख्याखाली घाम फुटला.

प्रश्न तसा सोपा होता. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे परीक्षा मोबाईलवरूनच द्यायची. विनिताचा मोबाईल मीच तिला एका ओळखीच्या माणसाकडून वापरलेला घेऊन दिलेला आहे. त्याची खोड अशी की व्हिडिओवर बोलताना बॅटरी भराभर उतरते, आणि तीस टक्क्यांच्या खाली गेली की तो न सांगता बंद पडतो. त्यात संस्थेचं पत्र आलं. विनिताचा नंबर चौदावा. अकरा वाजल्यापासून सर्वांनी नोंदणी केलेल्या मोबाईलवरच, कॅमेरा सुरू ठेवून, जागेवर बसून राहायचं. म्हणजे चौदावा नंबर येईपर्यंत तो मोबाईल जागा ठेवायची जबाबदारी माझी.

प्रथम मी हाताने फिरवायचा एक चार्जर ऑनलाइन मागवला. मुठीएवढा होता. एका बाजूला टॉर्च, एका बाजूला रेडिओ आणि कडेला दांडी. खोक्यावर एक गोरा गिर्यारोहक हसतमुखाने दांडी फिरवत होता. मी दहा मिनिटं फिरवली. मोबाईल बावन्न टक्क्यांचा बावन्नच राहिला. आणखी दहा मिनिटं फिरवल्यावर त्रेपन्न झाला आणि दांडी माझ्या हातात आली. तो गिर्यारोहक का हसत होता, याचा मी बराच विचार केला. त्याला बहुधा फोटो काढण्यापुरतीच फिरवायची होती.

दांडी मोठी पाहिजे, दातेरी चाकं मजबूत पाहिजेत, एवढा धडा मी घेतला. आणि मग मला माळ्यावरचा आइस्क्रीमचा पॉट आठवला.

ज्यांच्या घरी पॉट नव्हता त्यांच्यासाठी सांगतो. लाकडी बादली, तिच्यात पत्र्याचा उभा डबा, भोवती बर्फ आणि खडे मीठ, आणि वर आडवी लोखंडी पट्टी. त्या पट्टीवर दातेरी चाकं आणि बाजूला दांडा. दांडा फिरवला की डबा फिरतो. मे महिन्यात आमच्याकडे सगळे चुलत-मावस जमले की माणशी शंभर फेऱ्यांचा नियम असे. बादली जागची हलू नये म्हणून वर गोणपाट टाकून एकाने बसायचं, बाकीच्यांनी मोजायचं. गेली वीस वर्षं तो पॉट माळ्यावर पडून होता, कारण आमच्याकडे काही टाकत नाहीत. विनिताने त्याला भंगारात द्यायचा विषय तीनदा काढला होता आणि मी तीनदा हाणून पाडला होता. आता मला फार समाधान वाटलं.

पॉट घेऊन मी चोळे गावात नाथाकडे गेलो. नाथाचं सायकलींचं आणि वेल्डिंगचं दुकान आहे. तो मूळचा तिथलाच, ठाकुर्लीला आमच्या इमारती उभ्या राहिल्या त्याआधी त्याच्या आजोबांची तिथे भातशेती होती. त्यामुळे आम्हा सर्व सोसायटीवाल्यांकडे तो भाडेकरूंकडे बघावं तसं बघतो. त्याने पॉटचा दांडा दोनदा फिरवून पाहिला.

“चाकां बेस हायेत,” तो म्हणाला. “पन सावंत काका, या भांड्यान आइस्क्रीम कर नि चार लोकांना दे. वीज कशाला काढतंस?”

मी त्याला परीक्षेचं सांगितलं. डिसेंबरातल्या चटणीचंही सांगितलं. नाथाने मग पुढे काही विचारलं नाही. त्याने मागून एका मोडक्या प्रिंटरची मोटर काढली आणि सांगितलं की हीच मोटर उलट फिरवली की वीज देते, फक्त ती जोरात फिरली पाहिजे. डब्यावर एक मोठं गोल चाक बसवायचं, त्यावरून मोटरवर पट्टा घ्यायचा. पट्टा शिलाई मशीनचा चालेल. चाक मात्र त्याच्याकडे नव्हतं.

“नऊ इंचाचं पायजे. लाकराचं असंल तं अजून बेस.”

नऊ इंचाची लाकडी गोल वस्तू प्रत्येक मराठी घरात असते. फक्त तिला तीन पाय असतात. ते मी त्याच दुपारी, विनिता मोडीच्या क्लासला गेलेली असताना, करवतीने कापले.

हा पोळपाट तिला तिच्या आईने दिलेला होता, हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही. माहीत होतं, पण करवत हातात असताना आठवलं नाही. संध्याकाळी तिने ओट्यावर ते तीन पाय बघितले. ते मी व्यवस्थित पुसून रांगेत ठेवले होते. तिने एक पाय उचलला, पाहिला, खाली ठेवला आणि उलट्या ताटावर पोळ्या लाटायला घेतल्या. त्या पोळ्यांना ताटाच्या काठाचा आकार आला होता. मी चार खाल्ल्या. एरवी मी तीन खातो.

इथपर्यंत ठीक होतं. नाथाने सगळं जोडलं, दांडा फिरवला की सायकलच्या दिव्याचा बल्ब लागायला लागला. आता गुपचूप शुक्रवारची वाट बघायची, एवढंच मी केलं असतं तर बरं झालं असतं. पण मी चौतीस वर्षं ठाण्यात एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात काढली आहेत. कुठलीही गोष्ट अर्ज दिल्याशिवाय सुरू झाली की मला रात्री झोप लागत नाही. मला कुणीही काहीही विचारलेलं नसताना मी सोसायटीला अर्ज दिला. ‘विषय : सदनिका क्र. ३०२ मध्ये हस्तचलित वीजनिर्मिती करण्यास परवानगी मिळणेबाबत.’ वर पोहोच घेतली.

आमचा सेक्रेटरी सर्वेश आमच्या खालीच, दुसऱ्या मजल्यावर राहतो. कंपनीचं काम घरून करतो, चांगला मुलगा आहे, पण अर्ज हातात आला की चांगल्या मुलाचाही सेक्रेटरी होतो. दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला.

“काका, तुम्ही विचारलं नसतं ना, तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. आता लेखी आलंय म्हटल्यावर कमिटीला लेखी उत्तर द्यावं लागणार. फायर सेफ्टीचं बघावं लागेल. आणि तुम्ही वीज विकणार नाही, असं लिहून द्यावं लागेल.”

“अरे, आइस्क्रीमचा पॉट आहे तो.”

“मग अर्जात आइस्क्रीमचा पॉट लिहायचं ना. तुम्ही निर्मिती लिहिलंय. आता वीज कंपनीचं ना-हरकत पत्र जोडा, म्हणजे मी कमिटीपुढे ठेवतो.”

तळमजल्यावरच्या मालनताई दारात उभं राहून हे ऐकत होत्या. मालनताई साताऱ्याकडच्या, आणि सोसायटीतल्या प्रत्येक अडचणीवर त्यांच्याकडे गावचा एक उपाय असतो. “अवो भावजी, वाइच देवाम्होरं निरांजन लावा आन् परीक्षेला बसवा वैनींना,” त्या म्हणाल्या. “इजेचं काय नडलंय? आमी समद्या परीक्षा चिमणीवर दिल्या.” त्यांना परीक्षा मोबाईलवर आहे हे समजावण्यात माझी पंधरा मिनिटं गेली. शेवटी त्यांनी ‘मंग फोनच न्या की दुसरीकडं’ असं म्हटलं, आणि वर्तकनगर पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी वीज कंपनीच्या कार्यालयात गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, ही मोठीच गोष्ट आहे. मग विचारलं, “क्षमता किती किलोवॅट?”

“हाताने फिरवायचं आहे.”

“हात किती किलोवॅटचा?”

मी माझ्या हाताकडे पाहिलं. त्यांनीही पाहिलं. त्यांच्याकडे स्वतः वीज तयार करणाऱ्यांसाठी एकच फॉर्म होता, तो छतावरच्या सौरऊर्जेचा. छत आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छत नाही, बादली आहे. “मग तेच लिहा, माझ्याकडे दुसरा फॉर्म नाही,” त्या म्हणाल्या. छताचं क्षेत्रफळ या रकान्यात मी पोळपाटाचा व्यास लिहिला. दिशा या रकान्यात ‘फिरती’ लिहिलं. त्यांनी वर शिक्का मारून प्रत परत दिली. तो शिक्का सुबक होता, आवक क्रमांक सुवाच्य होता, आणि मी घरी येईपर्यंत फार आनंदात होतो. मग मी शिक्क्याखालची ओळ वाचली. ‘तपासणी तीस दिवसांत.’ परीक्षेला तीन दिवस होते.

विनिताला एव्हाना अंदाज आला असावा. तिने माझ्या नकळत सर्वेशकडून त्याची पॉवर बँक मागून आणली आणि कपाटात साड्यांच्या खाली ठेवली. बुधवारी रुमाल शोधताना ती मला सापडली. मला वाईट वाटलं, हे मी मान्य करतो. ‘सोडते’ म्हणाली होती आणि तिने पूर्ण सोडलं नव्हतं. मग माझ्या मनात आलं की हीच पॉवर बँक आपल्या यंत्रावर भरून दाखवावी, म्हणजे तिचाही विश्वास बसेल. मोटरच्या दोन वायरी मी सरळ तिला जोडल्या आणि रागाच्या भरात दांडा जोरात फिरवला. दोनशे फेऱ्यांनंतर पॉवर बँक गरम झाली, मग पोटातून फुगली, मग तिला जळक्या रबराचा वास यायला लागला. मी तिला चिमट्याने धरून बाल्कनीतल्या कुंडीत नेऊन ठेवलं.

नाथाला फोन केला तेव्हा तो बराच वेळ हसला. “डायरेक लावलीस? मधी गारीचा चार्जर लावाला लागतंय, तवा वीज बरोबर होतं. बरा झाला, मोबाईल नाय लावलास.” तो संध्याकाळी येऊन मोटारगाडीतला जुना चार्जर मधे जोडून गेला. सर्वेशला मी जिन्यात गाठून सांगितलं. नवी पॉवर बँक मागवली आहे, शनिवारी येईल, असंही सांगितलं. तो ‘असू दे काका’ म्हणाला, पण त्याचा चेहरा पडला होता. विनिताला सांगणं सगळ्यात अवघड होतं. तिने ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “म्हणजे आता तेवढा पॉटच आहे का?”

“हो,” मी म्हटलं.

“बरं,” ती म्हणाली, आणि झेरॉक्स घेऊन बसली. त्या रात्री मी दोनदा साडूचा नंबर काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला.

शुक्रवारी नऊला वीज गेली. मोबाईल शंभर टक्के भरून ठेवला होता. बाल्कनीच्या दारापाशी नेट चांगलं येतं म्हणून विनिता तिथे स्टुलावर मोबाईल टेकवून बसली. तिने निळी सुती साडी नेसली होती. मी मागे, कॅमेऱ्यात न दिसेल अशा जागी, पॉट मांडला. अकराला परीक्षा सुरू झाली. परीक्षक सावकाश माणसं होती. एकेकाला वीस वीस मिनिटं देत होती. काही जण फार लवकर हरत होते म्हणून बरं, नाहीतर संध्याकाळच झाली असती. साडेबाराला नववा नंबर चालू होता आणि मोबाईल शेहेचाळीसवर होता. एक वाजता अकरावा नंबर, मोबाईल चौतीस. मी वायर लावली आणि दांडा फिरवायला घेतला.

एका मांडीने बादली दाबून धरायची आणि एका हाताने फिरवायचं, हे बघायला सोपं आहे. बादली जमिनीवरून सरकत होती. वेग जरा कमी झाला की मोबाईल ‘टुंग’ असा आवाज करून वीज गेल्याचं कळवायचा, वाढला की पुन्हा ‘टुंग’ करून आल्याचं कळवायचा. चौतीसचे तेहतीस झाले आणि तिथे थांबले. वाढत नव्हते, पण उतरतही नव्हते, आणि मी जन्मात कधी एवढ्या कमी गोष्टीने एवढा खूश झालो नव्हतो. वीस मिनिटांनी माझा खांदा गेला. हात वर होईना. बदलून डाव्या हाताने घेतलं तर पट्टा कुरकुरायला लागला. मी बटणांच्या फोनवरून नाथाला बोलावलं. मोबाईल एकतीसवर आला.

विनिता मागे वळून पाहत नव्हती. तिला वळता येत नव्हतं, कॅमेरा चालू होता. मला तिची पाठ दिसत होती, अगदी ताठ. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की ती वर्तकनगरला गेली असती तर आत्ता पंख्याखाली, निवांत, हातात सरबताचा पेला घेऊन बसली असती. माझ्या एका शब्दापायी ती इथे बसली होती, आणि तिची दोन वर्षं माझ्या खांद्यावर येऊन ठेपली होती. मला भीती वाटली. मी उठलो आणि कुणाला तरी हाक मारावी म्हणून दार उघडलं.

समोर सर्वेश उभा होता. हातात कमिटीचं पत्र.

“काका, सही लागेल. उपसमिती नेमलीय, तिचा निर्णय होईपर्यंत निर्मितीला स्थगिती…”

“सर्वेश, मला हात दे,” मी म्हणालो. “माझ्याच्याने होत नाहीये. काकूंची परीक्षा आहे आणि मोबाईल आता बंद पडेल.”

बावीस वर्षं मी या सोसायटीत राहतो आहे. तोंडी मागणी मी कुणाकडे कधी केलेली नाही. सर्वेशने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. मग त्याने पत्र चपलांच्या कपाटावर ठेवलं, चपला काढल्या आणि पॉटापाशी येऊन बसला.

“किती फेऱ्या?” त्याने हळूच विचारलं.

“शंभर. आमच्याकडे शंभरचा नियम होता.”

“आमच्याकडे लहान मुलांना पन्नास असायच्या,” तो म्हणाला आणि फिरवायला लागला. वेग अगदी एकसारखा होता. लहानपणीचं हे वळण जात नाही. मालनताई विरजण मागायला आल्या होत्या, त्या उघडं दार पाहून आत आल्या. काही न विचारता त्यांनी पायपुसणं उचललं, बादलीच्या कडेवर घातलं आणि वर बसल्या. बादली सरकायची थांबली. दहा मिनिटांत नाथाही ग्रीस घेऊन आला. दुकान बंद ठेवून आलास का, असं मी विचारलं.

“लाइटच नाय तं वेल्डिंग कशान करू?” तो पुटपुटला, आणि त्याने शंभर फेऱ्या एका दमात घातल्या.

पावणेदोनला पडद्यावरून विनिताचं नाव पुकारलं. मोबाईल एकतीसवरच होता.

“सावंत बाई, मागे कसला आवाज येतोय?” परीक्षकांनी विचारलं.

आम्ही चौघं जागच्या जागी थिजलो. टुंग झालं.

“सर, इथे वीज गेली आहे,” विनिता म्हणाली. “घरचे हाताने फिरवून मोबाईल चालू ठेवतायत.”

पलीकडून दुसऱ्या परीक्षकांचा, एका वयस्कर वाटणाऱ्या बाईंचा आवाज आला. “म्हणजे आत्ता आपण बोलतोय ते सगळं…”

“हो बाई.”

“मग आधी सुरू करा. त्यांना दम लागला असेल.”

पडद्यावर एक पिवळा कागद आला. मला तिथून काळ्या रेघांची गुंतवळ तेवढी दिसली. विनिताने चष्मा नीट केला आणि वाचायला लागली. “विज्ञापना ऐसीजे…” कुणा एका तरीवाल्याने, म्हणजे नावाड्याने, वरिष्ठांना लिहिलेलं गाऱ्हाणं होतं. त्याची नाव सरकारी माणसं न विचारता घेऊन गेली होती आणि तळाला भोक पाडून परत आणून ठेवली होती. घरात ‘दूध आलं का’ विचारते तो तिचा आवाज नव्हता. हा आवाज ठाम होता, संथ होता, आणि तो तरीवाला जणू तिने शेजारी बसवून घेतला होता. दोन वर्षं ती माझ्यापासून सहा फुटांवर बसून हेच पुटपुटत होती आणि मी टीव्हीचा आवाज वाढवत होतो. वाचून दाखव, असं मी तिला एकदाही म्हटलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, आणि तिचा इतका अभिमान वाटला की डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, कारण तेव्हा पाळी माझी होती.

एका शब्दावर ती अडली. माझा हातही थांबला. टुंग. विनिताने मागे न पाहता, कॅमेऱ्याच्या खाली, उजव्या हाताचं बोट गोल फिरवून दाखवलं. मी फिरवायला घेतलं. तिने शब्द पुन्हा पाहिला आणि म्हणाली, “‘डागडुजी’. डागडुजी करून मिळावी, असं म्हणतोय तो.”

“बरोबर,” परीक्षक म्हणाले. “आता दुसरा कागद दाखवतो. हा आम्ही पहिल्यात पास झालेल्यांनाच देतो. तुमच्या आवडीसाठी वाचा.”

सर्वेशने माझ्या पाठीवर थाप मारली, ती नेमकी दुखऱ्या खांद्यावर. आणि तेवढ्यात वर पंखा फिरायला लागला. वीज आली होती. सर्वेशने चार्जर आणून भिंतीतल्या प्लगला लावला आणि मोबाईलला जोडला. मालनताई पदर सावरत उठल्या, नाथाने ग्रीसचा डबा उचलला आणि सगळे पावलांचा आवाज न करता निघून गेले. सर्वेशने जाताना कमिटीचं पत्रही उचलून नेलं, सही न घेता.

मी बादलीपाशीच बसून राहिलो. आता माझं तिथे काही काम नव्हतं. विनिता दुसरा कागद वाचत होती आणि मी ऐकत होतो.

संपल्यावर परीक्षकांनी तो दुसरा कागद तिला मोबाईलवर पाठवून दिला. तिने मोबाईल उलटा ठेवला, चष्मा काढला, मान मोकळी केली आणि मागे वळली.

“लाइट केव्हाची आली. तुम्ही अजून तिथेच?”

“ऐकत होतो.”

“कळलं काही?”

“त्या नाववाल्याचं कळलं. दुसऱ्यातलं काहीच नाही कळलं.”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता पोळपाटाचं निघेल, चटणीचं निघेल, पॉवर बँकेचं निघेल. सगळं निघायला हवंच होतं. तिने चष्मा पुन्हा लावला, मोबाईल सुलटा केला, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

“मग नीट ऐका,” ती म्हणाली, आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.